दाऊदभाईंच्या चार हवा

दाऊदभाईंच्या मते जगात हवा चारच प्रकारची असते, आणि चारही प्रकार त्यांच्या गावात तयार होतात. बाकी सगळ्या जगाला तीच हवा थोडीफार भेसळ करून मिळते. त्यांचं गाव म्हणजे रत्नागिरी नव्हे. रत्नागिरी हे मूळ. गाव म्हणजे टांझानियातलं लुशोटो. डोंगरांच्या मधल्या खोलगट वाटीत बसलेलं, उतारांवर कोबी, बटाटे, मका पिकवणारं. वडील रत्नागिरीजवळच्या एका खेड्यातून शिवणयंत्र घेऊन तिकडे गेले आणि शाळेचे गणवेश शिवत राहिले. दाऊदभाई तिथेच जन्मले, चौदाव्या वर्षी आजोबांकडे रत्नागिरीला परत आले, पंचविशीत कतारला लागले ते पार साठी उलटेपर्यंत. एवढं चरित्र पुरे.

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते आमच्या कंपनीत फिल्टरचे टेक्निशियन होते. कंपनीचं काम हवा मोजण्याचं. कुठे रस्ता व्हायचा असला, कुठे कारखाना असला, की तिथे यंत्र लावायचं. यंत्र दिवसभर हवा ओढतं आणि त्यातली धूळ पाणीपुरीच्या पुरीएवढ्या एका पांढऱ्या गोल फिल्टरवर बसते. आधी कोऱ्या फिल्टरचं वजन करायचं, मग धूळ बसल्यावर पुन्हा करायचं. दोन्हींतला फरक तो आपला हवेचा हिशेब. वजनाचं काम दाऊदभाईंचं, पुढची आकडेमोड आणि रिपोर्ट माझे. लॅब दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात. मी मदिनत खलीफातून गाडीने तासभर ट्रॅफिक खात यायचे, आणि ते जवळच्याच कंपनीच्या बिऱ्हाडातून बसने येऊन माझ्याआधी अर्धा तास दारात उभे असायचे. आकाशाकडे तोंड करून, डोळे मिटून. आजची हवा कुठली, ते ठरवत.

"आज कास्काझी, बाय," मी गाडीतून उतरता उतरता ते सांगत. कास्काझी म्हणजे कोरड्या उन्हाळ्याची हवा. लुशोटोत त्या दिवसांत शेतं जाळतात, लाल माती उडते आणि वाळत घातलेले कपडे धुण्याआधी होते त्याहून मळके होतात. कतारच्या जून-जुलैतल्या धुळीच्या वाऱ्याला ते 'डबल कास्काझी' म्हणत. मसिका म्हणजे मोठ्या पावसातली धुतलेली हवा. ती दोह्यात वर्षातून दोनच दुपारी येते, आणि त्या दोन्ही दुपारी दाऊदभाई हमखास रजेवर असत. वुली म्हणजे छोट्या पावसाची, मधलीच कुठलीतरी. आणि किपुपवे म्हणजे थंडीची हवा; तिकडे थंडी जून ते ऑगस्ट पडते. ती त्यांच्या लेखी सगळ्यांत लबाड. दिसायला छान, गार, निळी; पण चुलींचा धूर वर जायलाच तयार नसतो, वाटीत दूध साचावं तसा गावात साचून राहतो.

"शालेत जाताना कमरेएवरा धूर असायचा," ते सांगत. "वरती आमची डोकी, खाली काय नाय. पाय घरीच ठेवून आल्यासारकी पोरं चालायची."

माझा पिंड आकड्यांचा. मी नाशिकची, इंजिनियरच्या घरातली, आणि जे मोजता येत नाही त्यावर फारसा विश्वास न ठेवणारी. त्यामुळे सुरुवातीला मला हे सगळं म्हाताऱ्याचं वेड वाटायचं. पण दिवसअखेरीस आकडे आले की माझी पंचाईत व्हायची. हिवाळ्याच्या एखाद्या स्वच्छ, सुरेख सकाळी ते 'किपुपवे' म्हणून नाक मुरडत आणि संध्याकाळी माझा आलेख नेमका त्याच सकाळचा डोंगर दाखवी. गार हवा खाली बसली की गाड्यांचा धूरही खाली बसतो, हे मी पुस्तकातून शिकले होते. ते शाळेच्या वाटेवर शिकले होते.

घोटाळा एवढाच, की साइटवर भरायच्या कागदात 'शेरा' म्हणून एक रकाना असतो, आणि दाऊदभाई त्यात मनापासून शेरा लिहीत. अल रय्यानच्या एका रस्त्याच्या कामात सलग अकरा दिवस 'किपुपवे' लिहून गेलं. क्लायंटचा मल्याळी इंजिनियर भर मीटिंगमध्ये गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, धूळ कळली, धूर कळला. हे किपुपवे कुठल्या यंत्राने मोजता, आणि त्याची मर्यादा किती?" माझा चेहरा काय झाला असेल ते सांगत नाही. शेजारी बसलेले दाऊदभाई मात्र शांतपणे म्हणाले, "सर, नाकाने. आणि मर्यादा कवाच पार झालेली हाय." पुढे गंमत अशी झाली, की खोदकाम कुठल्या दिवशी करावं हे विचारायला तोच इंजिनियर त्यांना सकाळी फोन करू लागला.

नाकाचा आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, जरी त्यात इज्जत माझीच गेली आहे.

नवीन यंत्रं आली की ती आधी आम्हा लोकांच्या घरांवर ठेवून तपासत. एक माझ्या गच्चीवर होतं. आठवड्याचे फिल्टर तपासताना शुक्रवारचा फिल्टर भलताच जड भरला. बाकी दोह्यात त्या दिवशी हवा निवांत होती. मी यंत्राला दोष दिला, मग वाऱ्याला, मग पलीकडच्या गल्लीतल्या बांधकामाला. त्या बांधकामावर अर्धं पान लिहूनही झालं. दाऊदभाईंनी चिमट्यात फिल्टर धरला. फिल्टर नाकाशी न्यायचा नाही असा लॅबचा कडक नियम आहे, आणि तो नियम भिंतीवर लावला होता तोही त्यांनीच. त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि एक अलगद श्वास घेतला.

"बाय, शुक्रवारी घरात काय केलंस?"

"काही नाही. सुट्टी होती."

"दगडफूल," ते म्हणाले. "आणि खोबरं जरा जादा भाजलंस."

झालं होतं असं, की सासूबाईंनी पाठवलेली काळ्या मसाल्याची यादी घेऊन मी शुक्रवारी सकाळी गच्चीवरच शेगडी मांडली होती. घरात भाजलं तर आठवडाभर पडद्यांना वास, म्हणून वर. यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं, पण ते आपल्याच ऑफिसचं, ओळखीचं. त्याच्यासमोर मसाला भाजायला कसली भीड. हवा मोजण्यात बारा वर्षं घालवलेली बाई यंत्राच्या तोंडाशी दोन किलो मसाला भाजते आणि दोष बांधकामाला देते. दाऊदभाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. फक्त त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं, 'स्थानिक स्रोत'. आणि जेवायच्या सुट्टीत मला म्हणाले, "पावशेर आणून दे. खलास झाला बोलू नको, दोन किलो होता."

जेवायच्या सुट्टीत त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. दोह्याचं आणि लुशोटोचं घड्याळ एकच, त्यामुळे ते डबा उघडत तेव्हा तिकडे त्यांची बुबूही जेवायला बसलेली असे. बुबू म्हणजे मोठी बहीण. लग्न तिकडेच झालं, ती तिकडेच राहिली. नवरा वारलेला, मुलगी जुलेखा खाली समुद्रकाठी टांगा शहरात दिलेली, आणि बुबू त्या जुन्या घरात एकटी. दाऊदभाईंची बायकोही गेलेली, दोन मुली रत्नागिरीत आपापल्या संसारात. भाऊ-बहीण सत्तरीच्या आसपासचे, आणि दोघांचं रोज एकाच विषयावर भांडण: कुणाची हवा वाईट.

फोन डब्याला टेकवून उभा केलेला असे, त्यामुळे ते भांडण आम्हा सगळ्यांच्या पोळीबरोबर जाई. बुबूचं म्हणणं, भाऊ वाळवंटात धूळ खातोय, त्याने डोंगरात परत यावं. दाऊदभाईंचं म्हणणं, बुबू धुरात बसलीय, तिने निदान थंडीचे तीन महिने जुलेखाकडे खाली जावं.

"धूर नाय तो," बुबू म्हणायची. "धुका हाय."

"धुक्याने डोळे चुरचुरत नाय, बुबू."

"तुजे चुरचुरतात. माजे... नाय." त्या मध्येच थांबायच्या. "तू मशीनवाला... म्हणून आमचा धुका... धूर होत नाय."

हे थांबणं मला प्रथम बोलण्याची लकब वाटली होती. एकदा मी तसं म्हटलंही. दाऊदभाई डब्याचं झाकण लावत म्हणाले, "लकब नाय बाय. दम पुरत नाय. मसिकात पुरतो. किपुपवेत वाक्याचे तीन तुकडे होतात." आणि उरलेला भात न खाताच उठले. तेव्हा मला कळलं, की सकाळी आकाशाकडे तोंड करून उभा राहणारा हा माणूस दोह्याची हवा बघतच नसे.

डॉक्टरने बुबूला सांगितलंच होतं, छाती जपा, थंडीत खाली जा. पण घर सोडायचं तर कारण पटायला हवं, आणि धूर ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. शेवटी दाऊदभाईंनी ठरवलं, पुरावा द्यायचा. मुठीएवढं एक सेन्सर त्यांनी माझ्याकडून पारखून घेतलं. ओलावा वेगळा मोजणारंच हवं, म्हणाले, नाहीतर ती जिंकेल. मे महिन्यात आमचा एक टांझानियन ड्रायव्हर सुट्टीवर निघाला होता, त्याच्या हाती ते रवाना झालं. बुबूंनी अट घातली: आकडा हिरवा आला तर भावाने हा विषय कायमचा बंद करायचा, लाल आला तर त्या मुकाट्याने टांगाला जातील. दाऊदभाईंनी अट आनंदाने मान्य केली. माझ्या कॉम्प्युटरवर त्यांनी लुशोटोची एक खिडकी उघडून ठेवायला लावली.

जून उजाडला. लुशोटो हिरवं. दुसऱ्या दिवशी हिरवं. आठवडाभर हिरवं. इतकं हिरवं, की रेघ आखल्यासारखी सरळ. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, चूल नाही, वारा नाही.

सरळ रेघ दिसली की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते. पण दाऊदभाई तीन-तीन वेळा येऊन त्या हिरव्या रेघेकडे बघत आणि त्यांचा चेहरा असा उजळत जाई, की माझ्याच्याने ते बोलवेना. "पन्नास वर्सं झाली, बाय," ते म्हणाले. "गाव सुधरलं असेल. बटाट्याचं पीक वाढलं, लोकांकडे गॅस आला असेल." माणूस हरल्यावर इतका खूश झालेला मी पाहिला नव्हता. तीन आठवड्यांनी त्यांनी शब्द पाळला. बुबूला हार कबूल केली, जुलेखाला कळवलं की आईला न्यायला येऊ नको, आणि सगळ्या लॅबला बासबूसा, ती रव्याची अरबी मिठाई, वाटली. मीही खाल्ली. आजही ते आठवलं की मला माझी चीड येते.

जुलैच्या शेवटी बुबूला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. जुलेखा टांगाहून धावत वर आली. आईचे कपडे न्यायला संध्याकाळी घरी गेली, तेव्हा दाऊदभाईंनी लॅबमधून तिला व्हिडिओ कॉल लावला. ऑफिस सुटत होतं; मी पर्स उचलत होते.

"मामू, कपडे घेतले. आनी काय?"

"मशीन दाखव."

"कुठलं मशीन?"

"खिडकीतलं."

तिने फोन खिडकीकडे नेला. तिथे एक सुबक, जांभळ्या फुलांचं भरतकाम केलेलं, अस्तर लावलेलं झाकण होतं. किटलीवर घालतात तसं. शिंप्याची मुलगी; भावाने परदेशातून यंत्र पाठवलंय, ते उघडं कसं ठेवणार? जुलेखाने झाकण उचललं. आत प्लॅस्टिकची पिशवी, तिला वरून रबर घट्ट लावलेलं, जसं आमच्या आईने टीव्हीच्या रिमोटला वर्षानुवर्षं लावलं. पिशवीच्या आत, अगदी कोरं करकरीत, सेन्सर.

जुलेखाने पिशवी काढली. संध्याकाळच्या चुली पेटल्या होत्या. दहा मिनिटांत माझ्या कॉम्प्युटरवरची खिडकी पिवळी झाली, मग केशरी, मग लाल, आणि लाल होऊन तिथेच राहिली.

जुलेखाला निरोप देऊन दाऊदभाईंनी फोन ठेवला. मग म्हणाले, "तिने काय खोटा नाय सांगितला. पिशवीतली हवा खरंच साफ हाय." मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी मशीन नसता पाठवला," ते म्हणाले, "तर भांडून भांडून ती गेली असती खाली. मी मोजला म्हणून ती राहिली."

मी म्हटलं, चूक माझी. रेघ सरळ होती, मला दिसत होती, मी बोलले नाही. ते म्हणाले, "तू बोलली असतीस तर मी ऐकला असता काय?" हे माझ्या समाधानासाठी होतं. ऐकलं असतं त्यांनी.

बुबू बऱ्या झाल्या, पण पलंगावरून पहिलं वाक्य त्यांनी हेच सांगितलं, की आपण घर सोडणार नाही. तीन तुकड्यांत सांगितलं, पण सांगितलं. आठवड्याभरात दाऊदभाईंनी राजीनामा दिला. कंपनी दोन वर्षांची मुदतवाढ द्यायला तयार होती. साहेबांनी त्यांना बसवून विचारलं, एवढी घाई कशाला, पुढच्या वर्षी जा. ते म्हणाले, "सर, ती हवेकडे येत नाय. मग मनाच तिच्या हवेत गेला पायजे."

जाण्याआधीचा पंधरवडा त्यांनी इंडस्ट्रियल एरियातल्या एका डक्ट बनवणाऱ्या पठाणाच्या वर्कशॉपमध्ये काढला. पत्र्याचं धुराडं करून घेतलं: तीन तुकडे एकात एक बसणारे, एक कोपरा, वर टोपी. आम्ही सगळ्यांनी समजावलं की पत्रा टांझानियातही मिळतो. "मिळत असेल. पण ह्याच्यासारका कोपरा कोण मारणार? बघ, सांध्यातून उजेड पण येत नाय." बॅगेतले कपडे काढून तिच्यात पाइप बसवला. पाइपच्या पोकळीत मग कपडे परत कोंबले, माझा पावशेर मसालाही त्यातच गेला. निघताना लॅबमध्ये भाषण वगैरे झालं नाही. त्यांनी नव्या माणसाला वजनकाटा दाखवला, भिंतीवरच्या नियमाकडे बोट केलं, आणि मला म्हणाले, "चल बाय, यल्ला," जसं काही उद्या सकाळी दारात भेटणारच होतो.

त्यानंतर त्यांचे फोन येत राहिले, बहुधा जेवायच्या सुट्टीत. धुराडं बसलं. बुबूला ते छपरावरचं ध्यान पसंत नव्हतं. मग कास्काझीतच थंडीची लाकडं तोडून शेडखाली वाळत घातली, कारण ओलं लाकूड जास्त धूर करतं. मग स्वयंपाक उजेडातच उरकायचा ठरला, गार हवा खाली उतरायच्या आत. मग बुबूंनीच शेजारपाजारच्या चुली तपासायला सुरुवात केली आणि ही सगळी कल्पना मूळची आपली, असं सांगायला लागल्या. माझ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत लाल अजून येतो. एका धुराड्याने वाटी रिकामी होत नाही. पण तो उशिरा येतो आणि लवकर जातो, हे मी आकड्यांनिशी सांगू शकते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते यंदाच्या जुलैत, फोनवर. दोह्यात डबल कास्काझी चाललेली, खिडकीबाहेरचं वर्कशॉपही दिसत नव्हतं. फोन उचलला तर दाऊदभाई दारात उभे, अंगात स्वेटर, डोक्यावर कानटोपी. नमस्कार-चमत्कार काही नाही. बोट ओठांवर ठेवून त्यांनी फोन फिरवला.

खाली रस्त्यावरून बुबू चढत येत होत्या. हातात पिशवी, पिशवीतून कोबी डोकावत होता. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलंच पाहिलं होतं. चढ चांगलाच होता, आणि त्या खालपासूनच भावाची हजेरी घेत होत्या. शिडी शेजाऱ्याला न विचारता आणली, विचारलं नाही ते नाही, परत पण केली नाही, चहात साखर किती घालतो ते काय तिला कळत नाही, सत्तरीला आला तरी अक्कल दोह्यातच ठेवून आला. चढ चढत, पिशवी या हातातून त्या हातात घेत, पायरीवर पाय ठेवत त्या बोलतच होत्या. दाऊदभाईंनी फोन बुबूंवरून हलवला नाही.

बुबू दारात पोहोचल्या. वाक्य तिथे संपलं, एकसंध.

"ऐकलंस, बाय?" ते हळूच म्हणाले. "किपुपवे हाय."